अपघातानंतर वकील कोण निवडतो?

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात कोणताही छापील कागद आला की तो आधी माझ्यापुढे येतो. वीजबिल, रेशनकार्ड, सोसायटीची नोटीस, सारे मीच वाचून दाखवते. परंतु या वर्षी एक कागद माझ्यापुढे आला नाही. त्याची हकीकत सांगावी म्हणून हा लेख.

माझे वडील आठवडी बाजारात भाजी विकतात. मोपेडच्या मागे दोन करंड्या बांधून चार गावांचे बाजार करतात. गेल्या श्रावणात शेजारच्या जिल्ह्यातील बाजार करून परतताना त्यांना मागून टेंपोने उडवले. उजव्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले, आत सळई घालावी लागली. दुसऱ्या दिवशी मी फॉर्म भरायला कॉलेजात आले होते, तेवढ्यात एक गृहस्थ वॉर्डात आले. त्यांनी आबांच्या हातात शहाळे ठेवले, आईला ‘मावशी’ म्हटले. “आत्ता एक पैसा द्यायचा नाही. दहा लाख मिळवून देतो, त्यात आमचे तीस टक्के,” असे सांगून चार सह्या घेतल्या. एक सही वकीलपत्रावर, दोन कोऱ्या कागदांवर आणि एक बँकेतून पैसे काढायच्या स्लिपवर! जाताना मूळ केसपेपरही घेऊन गेले. वकील कोण, हे आबांना ठाऊक नव्हते.

संध्याकाळी मी चिडले, तेव्हा आबा म्हणाले, “आगं, हितं डाक्टर बोलत न्हाई, पोलीस बोलत न्हाई. त्या मानसानं निदान इचारपूस तरी केली.”

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पुढे मी वाचले, विचारले, आणि मला जे कळले ते असे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाने दलालामार्फत अशिले गोळा करायची नाहीत, आणि दाव्याच्या निकालावर फी ठरवायची नाही किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटाही घ्यायचा नाही. अमेरिकेत अशी टक्केवारी रीतसर चालते. आपल्याकडे ती मना आहे. म्हणजे जो व्यवहार वॉर्डात सर्वांदेखत झाला, तो नियमात बसणाराच नव्हता. त्या गृहस्थांनी घाई कशाची घातली होती, तर ‘सहा महिन्यांत दावा पडला नाही तर संपले!’ हे अगदीच खोटे नव्हते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. पण सहा महिने म्हणजे सहा तास नव्हेत! शिवाय पोलिसांनी अपघाताचा अहवाल तीन महिन्यांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवावा, असे त्याच कायद्यात आहे. दावा अपघाताच्या जिल्ह्यातच टाकावा लागतो, असेही त्यांनी सांगितले होते. प्रत्यक्षात तो आपण राहतो तेथेही टाकता येतो. आबांच्या मोडक्या पायाला दर तारखेला ऐंशी किलोमीटरची एस.टी. घडली असती, ती केवळ त्या वकिलाच्या सोयीसाठी.

आता माझी स्वतःची लाज सांगते. राज्यघटनेचे कलम ३९-अ मला पाठ होते. बेचाळिसाव्या दुरुस्तीने, १९७६ साली, मोफत कायदेविषयक साहाय्य घटनेत आले, हे मी राज्यशास्त्राच्या पेपरात लिहिले होते आणि गुणही मिळाले होते. पण ते कलम म्हणजे कोर्टाच्या आवारातली एक खरीखुरी खोली आहे, तिला दार आहे आणि आत एक टेबल आहे, हे माझ्या डोक्यात आले नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि ठरीव मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्या खोलीचा पत्ता मला कोर्टाबाहेरच्या चहावाल्याने सांगितला, पाठ्यपुस्तकाने नव्हे!

तेथून आम्हाला एक वकीलबाई मिळाल्या. पहिल्या भेटीत त्यांनी रकमेचा एकही आकडा उच्चारला नाही. त्याऐवजी विचारले, “बाजारात बसायची पावती फाडतात, त्या पावत्या ठेवल्यात का?” आई उठली आणि देवळीतून तारेत ओवलेल्या पावत्यांचा गठ्ठा काढून आणला. सहा वर्षांच्या पावत्या! आमच्याकडे पगाराचा दाखला नाही, आयकराचा कागद नाही. आबा रोज कमावत होते याचा पुरावा म्हणजे ती गंजलेली तार. शहाळे देणाऱ्याने तो विचारलाच नव्हता.

पावत्यांचे महत्त्व मला हिशेब समजल्यावर कळले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा खटल्यात वयानुसार गुणक ठरवून दिले. आबा चव्वेचाळीस वर्षांचे, म्हणून गुणक १४. समजा, महिना दहा हजारांची कमाई धरली आणि कमावण्याची ताकद ४० टक्के गेली असे ठरले, तर वर्षाचे १,२०,००० गुणिले १४, त्याचे ४० टक्के, म्हणजे ६,७२,००० रुपये. औषधपाणी वगैरे वेगळे. यातले तीस टक्के म्हणजे २,०१,६०० रुपये. एका शहाळ्याचे!

आणि ही ताकद किती गेली हेही केवळ डॉक्टरांच्या दाखल्यावरून ठरत नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात न्यायालयाने म्हटले आहे की, डावा हात गेला तर सुताराची जवळजवळ सारी कमाई जाईल, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित जाणारही नाही. आबांचा पाय दाखल्यावर किती टक्के आहे यापेक्षा करंड्या लादून मोपेड चालवता येते की नाही, हा खरा प्रश्न. तो प्रश्न साक्षीत नीट मांडील, तो वकील चांगला. मग तो फुकटचा असो वा पैशाचा.

‘फुकटचा वकील मन लावून काम करत नाही’ असे माझ्या चुलत्यांचे मत आहे. अशी माणसे असतीलही. आणि टक्केवारीच्या बाजूनेही बोलता येते, हे मी नाकारत नाही. हातात दमडी नसलेल्या माणसाला ‘आधी काही देऊ नका’ हे शब्द किती गोड लागतात, ते मी पाहिले आहे. खाजगी वकील करू नये असेही माझे म्हणणे नाही. मात्र न्यायाधिकरणापुढे स्वतः उभे राहणार कोण, फी किती, पावती मिळेल का, हे वकिलाच्या तोंडून ऐकल्याशिवाय सही करू नये, आणि कोऱ्यावर तर कधीच नाही. झालेली चूकही सुधारते. वकील बदलता येतो; आणि फी राहिली म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच आर. डी. सक्सेना खटल्यात सांगितले आहे. आमचे केसपेपर परत मिळवायला पाच फेऱ्या पडल्या, ही गोष्ट वेगळी.

माझी खरी तक्रार मात्र त्या गृहस्थांविषयी नाही. ते चोवीस तासांत खाटेपाशी पोहोचले. मोफत मदतीची खोली मात्र कोर्टाच्या मागच्या जिन्याखाली वाट पाहत बसली होती. ज्याचा पाय मोडला आहे त्याने जिना शोधत यावे, ही अपेक्षाच उलटी नाही का? विधी स्वयंसेवक नेमण्याची योजना आहे. मग त्यांच्यापैकी एकाची खुर्ची हाडांच्या वॉर्डाबाहेर का असू नये?

आणि आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे काय? दरवर्षीच्या शिबिरात आपण झाडे लावतो, आणि खरे सांगायचे तर गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात लावतो. त्याऐवजी दर रविवारी आपल्यातल्या दोघांनी सिव्हिल हॉस्पिटलात बसावे. वकिली करायची नाही. कागद वाचून दाखवायचा, त्या खोलीचा पत्ता सांगायचा आणि विचारपूस करायची. कार्यक्रम अधिकारी सरांना मी हे बोलले. सर म्हणाले, “लेखी दे.” ते येथे दिले आहे. आबांची पुढची तारीख सोमवारी आहे. रविवारी मी मोकळी आहे.