छापील डबे नंतर, आधी गच्चीवर धूर काढा!

गेल्या महिन्यात आमच्या पॅकिंग मटेरियलच्या दुकानात एक मुलगा आला. स्मोक्ड पोर्क रिब्जचं क्लाउड किचन काढतोय, नाव छापलेले ५०० डबे हवेत, म्हणाला. विचारलं, "आतापर्यंत किती वेळा बनवल्यास?" तर म्हणे, "सर, अजून नाही. पण व्हिडिओ सगळे बघितलेत." मी ऑर्डर घेतली नाही. बायको चिडली, दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतोस! तिचंही खरंच आहे म्हणा.

पण सल्ला द्यायचा तर आधी स्वतः करून बघायला हवं. मित्राचा झाकणवाला ग्रिल आणला, रविवारी गच्चीवर मांडला. (गच्चीवरच हं. बंद गॅलरीत कोळसा पेटवू नका, तो वायू जीव घेतो.)

धूर म्हटलं की आपल्याला धुंगार आठवतो. निखाऱ्यावर तूप, पाच मिनिटं झाकण, झालं काम. अमेरिकेतली ही पद्धत वेगळी: साधारण १०७ अंश सेल्सिअसला पाच-सहा तास. बरगडीचं मांस चिवट, त्यातलं कोलॅजेन हळूहळू विरघळून मऊ होतं. आच वाढवून तो वेळ वाचत नाही. मी वाढवली. बाहेरून कोळसा, आतून चामडं! त्यात लाकूड ओलं, त्यामुळे पांढरा दाट धूर झाला आणि मांस कडू. हाडाच्या आतल्या बाजूचा पापुद्रा काढायचा राहिला तो वेगळाच.

दुसऱ्या रविवारी कोळसे एका बाजूला, रिब्ज दुसऱ्या बाजूला ठेवल्या. आंब्याच्या सुक्या लाकडाचे दोन तुकडे टाकले आणि झाकण सारखं उघडलं नाही. तीन तासांनी फॉइलमध्ये गुंडाळल्या. साडेपाच तासांनी चिमट्याने उचलल्या तर मध्ये वाकल्या आणि वर बारीक तडा गेला. जमलं!

मग वही काढली. २ किलो आणल्या होत्या, शिजून भरल्या १ किलो ४०० ग्रॅम, त्यातही हाड. मांस, कोळसा, मसाला, सॉस मिळून खर्च १३०० रुपये, प्लेटी निघाल्या ४. म्हणजे एक प्लेट ३२५ ला. त्या मुलाच्या मेनूवर भाव होता ३४९. डबा, ॲपचं कमिशन, स्वतःची मजुरी अजून धरलेलीच नाही. शिवाय रात्री आठच्या ऑर्डरसाठी दुपारी दोनला पेटवायचं, म्हणजे किती विकणार ते दुपारीच ठरवायचं. उरलं तर? हा प्रश्न कुठल्याच रेसिपीत नसतो. म्हणून माझ्या मते घरचा पहिला फसलेला घाणा हाच खरा प्रोजेक्ट रिपोर्ट.

कॅन्सस सिटीत १९०८ च्या सुमारास हेन्री पेरी नावाच्या माणसाने गल्लीतल्या एका ठेल्यावरून धुरावर शिजवलेलं मांस विकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला द्यायचा वर्तमानपत्रात गुंडाळून. आज त्या शहराच्या बार्बेक्यूचा जनक त्यालाच मानतात. (तुम्ही वर्तमानपत्र वापरू नका, शाई पोटात जाते. आणि विकायच्या आधी एफएसएसएआयची नोंदणी करा.)

तो मुलगा परवा परत आला. हाताला दोन ठिकाणी भाजलेलं. म्हणाला, "सर, तीनदा केलं, तिसऱ्यांदा आईने मागून घेतलं." भाव आता किती ठेवणार, विचारलं. अजून हिशेब चाललाय म्हणाला आणि साधे, बिनछापाचे १० डबे घेऊन गेला.