परवान्यात नाव नसलेला रोग

मल्टिपल स्क्लेरोसिस हा रोग माणसाला बहुधा ऐन तारुण्यात गाठतो. कोणाची दृष्टी अधू होते, कोणाचे पाय लुळे पडतात. अशा रुग्णाला तज्ज्ञ डॉक्टर 'रिटुक्सिमॅब' सुचवितात, तेव्हा घरच्यांना एक चमत्कारिक गोष्ट कळते. औषध २००७ पासून भारतातच तयार होत आहे. परंतु त्याच्या परवान्यात या रोगाचे नाव नाही! मग संमतिपत्रावर सही करावयाची आणि विमा कंपनीने हात वर केले की दागिने मोडावयाचे.

हे औषध अमेरिकेत १९९७ साली कर्करोगासाठी मान्य झाले. २००८ साली या रोगावरील चाचणीचे अनुकूल निष्कर्षही प्रसिद्ध झाले. तरी २०१७ साली मान्यता मिळाली ती त्याच्या नव्या, महागड्या भावंडाला, ऑक्रेलिझुमॅबला. जुन्या औषधावर पैसा ओतण्यात कोणाला स्वारस्य असणार? स्वीडनमधील डॉक्टरांनी मात्र ते सर्रास वापरले, आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने या रोगासाठी त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले.

औषध निर्धोक नव्हे. यकृताचा जुना 'हेपॅटायटिस बी' त्याने उसळू शकतो. म्हणूनच ते आडवाटेने नव्हे, राजमार्गाने मिळावे. आमच्या सरकारने २०१६ च्या कायद्यात हा रोग अपंगत्वाच्या यादीत घातला. अपंगत्वाला मान्यता, आणि ते लांबविणाऱ्या औषधाला नाही, हा कोठला न्याय? औषध नियंत्रकांनी उत्पादकांच्या अर्जाची वाट न पाहता हा पुरावा स्वतः तपासावा. तोवर विमा कंपन्यांनी तज्ज्ञांची लेखी शिफारस ग्राह्य धरावी, अशी आमची मागणी आहे.