अंगणातील आगगाडी
दिवाळीच्या किल्ल्याभोवती रूळ मांडून रात्री चिमुकली आगगाडी फिरविणे व तिचे छायाचित्र घेणे, हा निव्वळ पोरखेळ होय, असे पुष्कळ पालक मानितात. आमचे मत निराळे आहे. रुळांतून वीज घेणारी गाडी शरदाच्या दवाने अडखळते. म्हणून रूळ पुसावे लागतात, वळणावर वेग आवरावा लागतो. कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून त्याचे झाकण दहा सेकंद उघडे ठेविल्यास गाडीच्या दिव्याची तेजोरेषा उमटते व पणत्यांच्या उजेडातील किल्लाही दिसतो. एकदम झगझगीत प्रकाश पाडिल्यास मात्र रात्रच नाहीशी होते. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. तशा कामास लागणाऱ्या धीराचा पहिला धडा या अंगणातच मिळतो. पालकहो, खेळण्याबरोबर मुलांस जागरणाची एक रात्रही द्या!