काका, पुतण्या आणि आग

यंदा आमच्या घरी फराळ शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आला, त्यामुळे चकली मऊ पडल्यावरून वाद घालायची सोय राहिली नाही. ती उणीव एका ग्रीक गृहस्थाने भरून काढली. त्याचे नाव हर्क्युलस.

थोरले बंधू फाल्गुनात गेले. वर्षाच्या आत सण नाही, म्हणून वहिनींना आणि पुतण्याला लातूरहून नांदेडला मीच घेऊन आलो. चाकूर गेले, अहमदपूर गेले, लोहा गेले. चिरंजीव एसटीच्या खिडकीबाहेर पाहत राहिले. इयत्ता नववी, पण शब्द नाही. तेव्हा आमच्या सहावीतल्या कन्येने, "हर्क्युलसची आणि अग्नीची मारामारी झाली तर कोण जिंकेल?" असे विचारले आणि हा चटकन "हर्क्युलस!" म्हणाला, तेव्हा मी हातातले वर्तमानपत्र बाजूला ठेवले.

त्याची तयारी चांगली होती. कॅकस नावाचा राक्षस अग्निदेव व्हल्कनचा मुलगा; तोंडातून आग आणि धूर ओकायचा. हर्क्युलसने सरळ त्या धुरात उडी घेतली आणि त्याचा गळा आवळला. ही हकिगत रोमन कवी व्हर्जिलने सांगितली आहे, तेव्हा पुतण्याच्या मते निकाल लागलेला होता.

"तो मुलगा झाला," कन्या म्हणाली. "बापाशी लढला का? आपल्या अग्नीने सगळं खांडववन खाल्लं!"

पंच या नात्याने मला सांगावे लागले, की त्या वेळी अग्नी आजारीच होता. श्वेतकी राजाच्या यज्ञात बारा वर्षे तूप पिऊन त्याला अजीर्ण झाले होते. (दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी ही व्यथा सर्वांना समजते.) वन खाऊन बरे वाटणार होते, तर इंद्र पाऊस पाडून विझवी. शेवटी कृष्ण आणि अर्जुन पाठीशी उभे राहिले, तेव्हा पोट भरले.

"म्हणजे सगळं पाण्यावर आहे," पुतण्या म्हणाला. "मग लातूरला आगच जिंकणार. 2016 साली आमच्याकडे पाणी मिरजेहून रेल्वेनं यायचं!"

मी रंगात आलो. म्हटले, हर्क्युलसलाही एकट्याने जमले नाही. हायड्रा सापाचे एक डोके तोडले की दोन उगवत. तेव्हा त्याचा पुतण्या आयोलाउस जळता पलिता घेऊन धावला आणि तुटलेली मान डागू लागला. आपल्या शनिवारवाड्यात 'काका, मला वाचवा' म्हणून पुतण्या धावला. ग्रीकांकडे काकानेच पुतण्याला हाक मारली!

चिरंजीव हसले. फाल्गुनानंतर प्रथमच. मी तिथेच थांबायला हवे होते.

"मग हर्क्युलस मेला कसा?" कन्येने विचारले.

सांगितले. विष माखलेले वस्त्र अंगाला चिकटले, वेदना सोसवेनात. ओएटा डोंगरावर त्याने स्वतःची चिता रचवली आणि ती पेटवायला मुलाला, हिलसला, सांगितले. हिलस नाही म्हणाला. अखेर फिलॉक्टेटीस नावाच्या स्नेह्याने ती पेटवली. हर्क्युलसने आपले धनुष्य त्याला दिले.

पुतण्या जमिनीकडे पाहत होता.

"नाही म्हटलं तर चालतं, काका?"

लातूरच्या स्मशानात जळते लाकूड त्याच्या हातात मीच दिले होते. चार वडीलधारे 'मुलानेच द्यायचा भडाग्नी' म्हणाले आणि मी लगेच दिले. त्याचा हात थरथरत होता, ते मी पाहिले होते. पुढे होऊन तो हात धरता आला असता. मी सख्खा भाऊ. मीच भडाग्नी दिला असता तरी कोणी अडवले नसते.

"चालतं," मी म्हणालो. "मला तेव्हा सुचलं नाही रे."

तो काही बोलला नाही. स्वयंपाकघरात वहिनींच्या भांड्यांचा आवाजही थांबला होता.

कन्येला यातले काही उमगले नसावे. तिच्यासाठी म्हणून आणलेले दोन भुईनळे घेऊन ती अंगणात उभी होती. "दादा, पेटव ना! मला भीती वाटते."

तो थोडा वेळ बसून राहिला. मग उठला. मी बादली काठोकाठ भरून त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. आम्ही गोदाकाठची माणसे. पाण्याला हात आखडत नाही.

त्याने उदबत्ती पेटवली, वळून बादलीकडे पाहिले आणि म्हणाला, "काका, एवढं कशाला? अर्धी बस्स आहे."

अर्धी बादली मी परत पिंपात ओतली.