उसन्या नावाची बाटली

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाचं दर्शन घ्यावं, खाली येऊन चहा घेत बसावं आणि विषय निघावा द्राक्षांचा. मग कुणीतरी ठामपणे म्हणतंच, "फेसाळती वाइन वगैरे आपल्या मातीतलं नव्हे. ती साहेबाची चैन." हे मत मला मान्य नाही.

इथून वीसेक किलोमीटरवर जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव आहे. 1980च्या दशकात शामराव चौगुले यांच्या 'शॅम्पेन इंडेज' कंपनीने तिथे फेसाळती वाइन केली, फ्रान्सच्या पायपर-हायडसिकचा तांत्रिक सल्ला घेऊन. सोडावॉटरसारखा वायू बाहेरून भरायचा सोपा रस्ता होता, तो त्यांनी धरला नाही. तयार वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करायची, म्हणजे आतच दुसऱ्यांदा आंबवण होतं आणि वायू तिथेच कोंडतो. दाब मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त होतो. महिनोन्‌महिने बाटल्या अंधारात पडून राहतात. मग त्या तिरप्या लावून रोज थोड्या थोड्या फिरवतात, गाळ तोंडाशी आणतात, तोंडाकडचा भाग गोठवून तो उडवतात आणि शेवटी बूच बसवतात. हे काम करणाऱ्याला चैन सुचत नाही, त्याचे हात भरून येतात. आणि मातीचं म्हणाल, तर प्राचीन जुन्नर नाणेघाटाच्या व्यापारवाटेवरचं गाव. इथल्या लेण्यांत यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. लेण्यांतल्या भिक्खूंना मद्य वर्ज्य होतं, हे खरंच. पण त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर इटलीची वाइन उतरत होती, हे 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात नोंदलेलं आहे. म्हणजे ही ओळख परवाची नव्हे.

"नक्कलच ना शेवटी?" हा दुसरा आक्षेप. पद्धत शिकून घेणं ही नक्कल नव्हे. आपण कितीतरी गोष्टी बाहेरून शिकलो आणि आपल्या केल्या. नावाच्या बाबतीत मात्र मी फ्रेंचांच्या बाजूचा आहे. शॅम्पेन हे फ्रान्समधल्या एका प्रदेशाचं नाव आहे आणि पोर्ट हे पोर्तुगालच्या पोर्तू शहरावरून आलेलं. पोर्टच्या द्राक्षक्षेत्राची हद्द 1756 मध्येच आखली गेली. आंबवण चालू असतानाच द्राक्षाचा मद्यार्क घालून ते थांबवायचं, म्हणून खऱ्या पोर्टमध्ये द्राक्षाची स्वतःची गोडी उरते. गोव्यात 'पोर्ट' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त गोड बाटल्यांचा त्या रीतीशी संबंध नाही. ते नाव तिथून काढलंच पाहिजे.

आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. नारायणगावची बाटली देशात 'मार्कीज द पाँपाडूर' म्हणून विकली गेली, परदेशात 'ओमर खय्याम' म्हणून. एक फ्रेंच राजाची प्रेयसी, दुसरा इराणचा कवी. मीना नदीच्या खोऱ्यातल्या कष्टांना यांतलं कोणतं नाव शोभतं? कंपनीच्या नावातही 'शॅम्पेन', जुन्नर कुठेच नाही. लोक म्हणतात, गावठी नावावर महागाची बाटली खपत नाही. पण 'सुला' या वाइनचं नाव संस्थापकांच्या आईच्या, सुलभाताईंच्या, नावावरून आलं. ती वाइन साऱ्या देशात खपते. फ्रान्सच्या शाँदाँनेही आपली भारतीय फेसाळती वाइन करायला नाशिकजवळचं दिंडोरी निवडलं. जमीन आणि हात त्यांना पटले, आपल्यालाच पटत नाहीत.

"ती कंपनी बुडाली की!" बुडाली. परदेशातल्या वाइन कंपन्या विकत घेत ती वाढत गेली आणि 2008च्या मंदीनंतर कर्जाखाली बसली. ते हिशेबाचं अपयश होतं, शार्डोने द्राक्षाच्या वेलाचं नव्हे. कारखाना गेला तरी नारायणगाव-जुन्नर पट्ट्यात द्राक्षबागा आजही उभ्या आहेत, आणि बाटलीतला फेस कसा बांधायचा हे इथल्या माणसांनी एकदा करून दाखवलेलं आहे. पुन्हा कुणी तो बांधला, तर लेबलावर मोठ्या देवनागरी अक्षरांत 'जुन्नर' लिहावं. घरच्या साखरपुड्याला ती बाटली मी अभिमानाने उघडेन.