फसवा, पण खोटे बोलू नका

वाचकहो, फराळाचे ताट पुढे ओढण्यापूर्वी एक कोडे घ्या. ‘नेहमी मागे फिरणारा चाकर.’ उत्तर दोन अक्षरांचे.

वाक्य वाचताच डोळ्यांपुढे काय उभे राहिले? साहेबाची छत्री सांभाळीत दोन पावले मागून चालणारा एखादा गडी. इथेच तुम्ही फसलात! कोडे घालणाराला नेमके तेच चित्र तुम्हांला दाखवायचे होते. आता चित्र पुसून टाका आणि नुसत्या शब्दांकडे पाहा. नेहमी म्हणजे ‘सदा’. हा ‘सदा’ मागे फिरवा, म्हणजे उलटा वाचा. झाला ‘दास’. आणि दास म्हणजे चाकर. वाक्यातला प्रत्येक शब्द कामाला लागला. एकही आयता बसून जेवला नाही.

या जातीच्या कोड्याला आपण कूट शब्दकोडे म्हणू. साध्या शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेतला. 21 डिसेंबर 1913 रोजी न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पत्रात आर्थर विन या मूळच्या लिव्हरपूलच्या गृहस्थाने ते पहिल्यांदा छापले. पण सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देण्यात इंग्रजांना काय गोडी? त्यांनी ते घरी नेले आणि वाकडे केले. 1926 पासून लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ साप्ताहिकात पॉइस मॅदर्स नावाचे कवी-अनुवादक ‘टॉर्केमाडा’ या नावाने अशी कोडी घालू लागले. टॉर्केमाडा हा स्पेनमधल्या धर्मन्यायालयाचा मुख्य न्यायाधीश, पाखंड्यांच्या छळासाठी कुप्रसिद्ध. कोडे घालणाराने आपला धंदा निदान नावात तरी लपवला नाही!

1939 साली मॅदर्स वारले. त्यांच्या गादीवर डेरिक मॅकनट आले. त्यांनीही ‘झिमेनीस’ हे दुसऱ्या एका धर्मन्यायाधीशाचेच नाव घेतले. हे गृहस्थ पेशाने शाळामास्तर, ग्रीक-लॅटिन शिकवणारे. मास्तरच ते, विषय हाती आला की नियम आलेच. 1966 साली त्यांनी या कलेवर एक पुस्तकच लिहिले. त्यांच्या नियमांचे सार तीन ओळींत सांगता येते. संकेतात उत्तराचा नेमका अर्थ हवा. उत्तरातल्या अक्षरांची न्याय्य फोड हवी. आणि या दोहोंवाचून तिसरे काहीही नको. वाचणाराला फसवण्याची पूर्ण मुभा आहे. पण कोडे सुटल्यावर मागे वळून पाहिले, तर शब्दन् शब्द खरा निघाला पाहिजे.

हे नियम मी पुस्तकात वाचले होते. शिकलो मात्र मावशीकडून.

एका दिवाळीत मंडळी जमली असता मी मोठ्या ऐटीत स्वतःचे कोडे टाकले. ‘आपण तीन जणांच्या मध्ये उजेड.’ तीन अक्षरे. कोणी ‘दिवस’ म्हणाले, कोणी ‘प्रकाश’. मावशी चकल्या तळत होती. झारा न थांबवता ती म्हणाली, “पणती.”

बरोबर होते. ‘आपण तीन’ ही पाच अक्षरे ओळीने मांडा: आ, प, ण, ती, न. दोन्ही टोकांची एकेक अक्षरे सोडा. मध्ये उरते ती ‘पणती’.

मी टाळी वाजवणार, इतक्यात ती म्हणाली, “उत्तर आलं. पण कोडं चुकलंय.”

“चुकलं? ते कसं?”

“पणती म्हणजे उजेड का रे? मग मी तेल कशात घालू, उजेडात? उजेड पणतीचा. आणि ते ‘जणांच्या’ कशाला बोलावलंस? नुसतं येऊन बसलंय, काम काही नाही.”

मी जरा चिडलोच. म्हणालो, “अगं, उत्तर तर आलं ना तुला?”

“मला आलं, म्हणून तुझं कोडं शुद्ध होत नाही,” मावशी म्हणाली आणि पुढचा घाणा सोडला.

त्या रात्री मी कोडे दुरुस्त केले. ‘आपण तीन, मध्ये उजेड देणारी.’ ‘जणांच्या’ गेले, ‘देणारी’ आले. फरक एका शब्दाचा; पण पहिले कोडे ढोबळ होते आणि दुसरे सच्चे आहे. त्या दिवसापासून मी कोडे सुटले की पेन्सिल खाली ठेवीत नाही. उत्तर आले, आता पुरावा जुळतो का, हे पाहतो. सोडवण्याचा अर्धा आनंद या उलटतपासणीत आहे.

वानगीदाखल ही एक तपासणी पाहा. ‘विस्कटलेले पंकज, कोकणात आंब्याचे.’ तीन अक्षरे. घालणाराच्या मनात असे आहे की पंकज म्हणजे ‘कमल’. त्याची अक्षरे विस्कटली की ‘कलम’. आणि कोकणात कलम आंब्याचे. पण सोडवणाराने ‘कमल’च का धरावे? सरोज आहे, नीरज आहे, अंबुज आहे, राजीव आहे. आधी दडलेला शब्द ओळखा आणि मग तो विस्कटा, हा दुहेरी जाच झाला. अक्षरे विस्कटायची असतील तर ती डोळ्यांसमोर ठेवावी. ‘विस्कटलेले कमल, कोकणात आंब्याचे’ असे लिहिले की तक्रारीला जागा नाही.

उलट हे पाहा. ‘का, पाणी डोळ्यांत घालायचे?’ तीन अक्षरे. वाटते, कोणी डोळे आलेला माणूस वैद्याला विचारतो आहे. पण ‘का’ला हात लावू नका, तो आहे तसाच घ्या. पाणी म्हणजे ‘जळ’. दोन्ही जोडा: ‘काजळ’. आणि ते डोळ्यांतच घालायचे! एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही.

कोणी म्हणेल, हा इंग्रजी शौक मराठीला कशाला? तर मंडळी, शब्द फोडण्याची विद्या आपल्याला परकी नाही. ‘केशव’ पडलेला पाहून कौरव रडले, असे सांगणारे संस्कृत कोडे आपल्या आजोबांना पाठ असे. ‘के’ म्हणजे पाण्यात आणि ‘शव’ म्हणजे प्रेत, अशी फोड केली की कृष्णाला सुखरूप घरी जाता येते! दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आणि पूर्वीच्या आचार्यांनी सदोष प्रहेलिकांचेही चौदा प्रकार मोजल्याची नोंद केली. म्हणजे कोडे चांगले कोणते आणि वाईट कोणते, हा वाद आपल्याकडे हजार वर्षांहून जुना आहे. शिवाय देवनागरीचा एक फायदा आहे. आपल्या कोड्यात एका घरात एक अक्षर बसते ते काना-मात्रेसकट. ‘सदा’ उलटला तर ‘दास’च होतो, काना आपल्या अक्षराला सोडून जात नाही.

पण एवढी काटेकोर चिकित्सा करायची कशासाठी? शेवटी खेळच ना? याचे उत्तर आपल्याच मुंबईने एकदा मोठ्या किमतीला घेतले आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसाच्या शब्दकोड्यांची साथ आली होती. त्यांतले संकेत साधारण असे: ‘संसारात हे नसेल तर सुख नाही.’ आता ‘धन’ लिहावे की ‘मन’? दोन्ही शब्द चौकटीत बसतात, दोन्ही अर्थाला लागतात. खरे कोणते, ते चालकाच्या बंद पाकिटाला ठाऊक! 1955 साली संसदेने कायदा करून महिन्याला एकूण हजार रुपयांहून अधिक बक्षिसे देणाऱ्या स्पर्धांना बंदी केली. पुढे 1957 साली मुंबई राज्याच्या एका गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी एक कोड्यांची स्पर्धा जुगारात जमा केली. चौकट तीच, पेन्सिल तीच. ज्या कोड्याचे एकच उत्तर सोडवणाराला स्वतः सिद्ध करता येते, ते बुद्धीचे काम. जिथे दोन उत्तरे सारखीच खरी, तिथे उरतो तो नशिबाचा खेळ. मावशीचा झारा आणि न्यायाधीशांचा हातोडा अखेर एकाच जागी पडले!

आणि सच्च्या कोड्यावर माणसे किती विश्वास टाकतात, याची एक हकिकत सांगून थांबतो. ‘गार्डियन’ पत्रात जॉन ग्रॅहम नावाचे पाद्री 1958 पासून कोडी घालीत; पुढे ती ‘अरौकेरिया’ या नावाने येऊ लागली. अरौकेरिया हे एका झाडाच्या कुळाचे नाव. त्यातल्या एकाला इंग्रज ‘माकडाचे कोडे’ म्हणतात. जानेवारी 2013 मध्ये त्यांच्या एका कोड्याच्या माथ्यावर छोटी टीप होती. अरौकेरियाला अमुक क्रमांकाच्या जागी अमुक क्रमांक झाला आहे, आणि त्यावर अमुक-अमुक क्रमांकांचे उपचार चालू आहेत. लोक नेहमीच्या उत्साहाने पेन्सिली घेऊन बसले. एकेक घर भरत गेले आणि शब्द उमटले: कर्करोग, अन्ननलिका, वेदना सुसह्य करणारी शुश्रूषा. एक्क्याण्णव वर्षांच्या त्या म्हाताऱ्याने आपले दुखणे अर्ध्या शतकाच्या सोबत्यांना त्यांच्याच भाषेत सांगितले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले.

सोडवणाऱ्यांपैकी कोणालाही ही थट्टा वाटली नाही. का वाटावी? हा माणूस आयुष्यभर त्यांना दर कोड्यात फसवीत आला होता. पण खोटे तो कधीच बोलला नव्हता.

असो. चकल्या निवतील. जाता जाता एक कोडे मावशीने पास केलेले: ‘देवाने दिलेला की बापाने शोधलेला?’ दोन अक्षरे. उत्तर कुठे शोधू, असे विचारू नका. मान उचला आणि वर पाहा!