जमाखर्च कला शाखेला कशाला?

बालमानसशास्त्र ठीक, जगातले धर्मही ठीक. पण कला शाखेला जमाखर्च कशाला, असा प्रश्न आमच्या वर्गात हटकून निघतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने दुसऱ्या शाखेचा विषय शिकण्याची वाट मोकळी केली, तरी आमच्या कपाळावरची आठी जात नाही. मला तर कड्याच्या मुलांना या तिहींत त्याचीच निकड अधिक वाटते.

दिवाळी सरली की आपल्या आष्टी तालुक्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल आधीच घेतलेली. ती टनामागच्या मजुरीतून फिटायची. आजारी पडले की खाडा. वही मुकादमाची, आकडेही त्याचेच. माझ्या वडिलांनी इतके हंगाम केले, पण नावे किती नि जमा किती हे कधी विचारले नाही. गेल्या हंगामात मी आईला रोजचे टन लिहून ठेवायला सांगितले. हिशेबाच्या दिवशी दोन्ही आकडे जुळले नाहीत. वडील प्रथमच बोलले, आणि थोडी बाकी कमी झाली.

दुहेरी नोंदीची पद्धत १४९४ साली छापून मांडणारा लुका पाचोली हा ख्रिस्ती संन्यासी होता, हेही धर्माच्या तासाला सांगण्याजोगे! पियाजेने स्वतःच्या तीन मुलांचे निरीक्षण केले. कोपीपुढे धाकट्याला सांभाळत बसलेली आठ वर्षांची पोर मात्र आमच्या पुस्तकात नाही. तशीच मुकादमाची उचलही नाही. प्राध्यापकांनी निदान एक उदाहरण तरी तिच्यावर घालावे.